टच स्विच झिजत नाही, म्हणून तो सुरक्षित?

वेपिंग उपकरण (द्रव तापवून वाफ ओढायची ई-सिगारेट) घ्यायचं तर टच स्विचचंच, म्हणजे दाबावं न लागता बोट टेकताच चालणारं घ्या, असा सल्ला सगळीकडे फिरतो. त्यामागची कारणं थोडक्यात अशी: टचमध्ये हलणारा भाग नाही, म्हणून झीज नाही, फट नाही, म्हणून ओलीचा त्रास नाही, खिशात दाबला जात नाही, म्हणून आपोआप पेटत नाही, आणि यांत्रिक बटणातून सगळा करंट जातो, म्हणून ते तापतं आणि जळतं. चारही विधानांत तथ्याचा अंश आहे आणि म्हणूनच ती पटकन पटतात. शेवटचं विधान आधी घेऊ, कारण सगळ्या गोंधळाचं मूळ तिथे आहे.

«यांत्रिक बटणातून सगळा करंट जातो»

हे फक्त मेकॅनिकल मॉडला लागू आहे (मॉड म्हणजे सेल आणि बटण असलेला उपकरणाचा मुख्य भाग). तिथे इलेक्ट्रॉनिक सर्किट नसतंच. सेल (बॅटरी), बटणाचा धातूचा संपर्क आणि कॉइल (द्रव तापवणारी तार) एवढाच मार्ग. बाकी जवळजवळ सगळ्या उपकरणांत फायर बटणाखाली (कॉइल पेटवणाऱ्या बटणाखाली) एक छोटा टॅक्ट स्विच, म्हणजे दाबल्यावर खटका देणारा स्विच असतो. त्याची क्षमता साधारण १२ व्होल्ट, ५० मिलिअँपिअर. तो कंट्रोलरला (उपकरणाच्या चिपला) फक्त ‘दाबलंय’ एवढा निरोप देतो. कॉइलचा करंट मॉस्फेटमधून, म्हणजे निरोप मिळताच मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरमधून जातो. टच पॅडही तेवढाच निरोप देतो आणि पुढे मॉस्फेट तोच असतो. म्हणजे तापणं-जळणं या मुद्द्यावर टच आणि टॅक्ट यांच्यात फरक नाही. तुलना करायचीच असेल तर ती मेकॅनिकल मॉडचा संपर्क आणि मॉस्फेट यांच्यात करावी लागेल, आणि तिथे आकडेच बोलतात.

समजा कॉइल ०.२ ओहमची आणि सेल पूर्ण भरलेला, ४.२ व्होल्ट. सेलचा अंतर्गत रोध हिशेबातून सोडून देऊ. संपर्काचा रोध १० मिलिओहम असेल तर करंट २० अँपिअर, संपर्कावर ०.२ व्होल्टची घट आणि ४ वॅट उष्णता. ही सगळी उष्णता बोटाखालच्या बटणात निर्माण होते. संपर्क काळा पडून रोध ३० मिलिओहम झाला, तर करंट १८ अँपिअरच्या आसपास उतरतो, पण बटणातली उष्णता १० वॅटवर जाते. वाफ कमी झाली म्हणून माणूस आणखी लहान रोधाची कॉइल लावतो आणि बटण जास्तच तापतं. इथे दोष कॉइलचा नसतो, संपर्कावरच्या काजळीचा असतो. २ मिलिओहमच्या मॉस्फेटमध्ये याच कॉइलला जेमतेम ०.९ वॅट उष्णता होते.

इतके लहान रोध साध्या मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर मोजायला जाऊ नका. मीटरच्या वायरींचाच रोध त्याहून कितीतरी मोठा असतो. करंट वाहत असताना संपर्काच्या दोन्ही बाजूंना प्रोब लावून मिलिव्होल्ट वाचा. २० अँपिअरला २०० मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिओहम. साफ करण्याआधी सेल बाहेर काढायचा. तांब्या-पितळेचा उघडा संपर्क बारीक पॉलिश पेपरने घासला तरी चालतो. चांदीचा मुलामा असेल तर पेपर लावू नका, मुलामाच निघून जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड पुरेसं आहे. स्प्रिंग निळी-करडी झाली असेल तर ती तापून मऊ पडली आहे, बदला. मऊ पडून दबलेली स्प्रिंग बटण पूर्ण वर ढकलत नाही, आणि संपर्क अर्धवट सुटला की ठिणगी पडून दोन्ही पृष्ठभाग चिकटू शकतात. मेकॅनिकल मॉडबद्दलची खरी भीती हीच आहे आणि ती रास्त आहे. पण ती टॅक्ट स्विचच्या माथी मारणं चूक आहे.

मॉस्फेटही निर्धोक नाही. तो बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे कायमचा चालू राहतो. दहा सेकंदांनी आपोआप बंद करणारा कटऑफ अशा वेळी निरुपयोगी, कारण तो बंद करणार त्याच मॉस्फेटला. हाताने जोडलेल्या मॉस्फेट मॉडमध्ये मॉस्फेटचं गेट (चालू-बंदचा निरोप घेणारी पिन) आणि सोर्स (करंट वाहणाऱ्या पिनांपैकी एक) यांच्यामध्ये १० ते १५ किलोओहमचा रेझिस्टर राहून गेला, तर बटण सोडल्यावरही गेटवर चार्ज उरतो आणि कॉइल तापत राहते. शिवाय एकाच सेलवरचा मॉड असेल आणि सेल ३.२ व्होल्टपर्यंत उतरला असेल, तर गेटला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही. मॉस्फेट अर्धवट उघडतो आणि तापतो. लॉजिक लेव्हलचा (कमी गेट व्होल्टेजला उघडणारा) मॉस्फेट निवडला तरी त्याच्या माहितीपत्रकात रोध किती गेट व्होल्टेजला दिलाय ते वाचायलाच हवं. ४.५ व्होल्टचा आकडा ३.२ व्होल्टला लागू होत नाही.

«टच झिजत नाही»

पॅड झिजत नाही, हे मान्य. टॅक्ट स्विच झिजतो, हेही खरं. साधा स्विच १ लाख दाबांचा असतो, चांगले १० लाखांचे मिळतात. दिवसाला ३०० दाब धरले तर वर्षाला १,०९,५०० होतात, म्हणजे साध्या स्विचचं लिहिलेलं आयुष्य वर्षभरात संपतं. लिहिलेलं आयुष्य संपलं म्हणजे स्विच त्या दिवशी मरतो असं नाही. खटका मवाळ होतो, मग एखादा दाब चुकायला लागतो. तो हळूहळू बिघडतो आणि हाताला कळवत बिघडतो. ६ बाय ६ मिलिमीटरचा स्विच असेल तर नवा बसवता येतो; फक्त दांडीची उंची आधीच्याइतकीच घ्या. ती अर्धा मिलिमीटर जास्त झाली तर झाकण लावल्यावर बटण कायम दाबलेलं राहील.

आणि एक नेहमीची गल्लत. बटण खुळखुळतं म्हणून स्विच गेला असं समजतात. खुळखुळतं ते वरचं टोपण. खालचा स्विच बहुधा ठणठणीत असतो.

टचमध्ये झीज नसली तरी बिघाड असतो. पॅडच्या मागची चिप बोटामुळे वाढणारी काही पिकोफॅरड धारकता (विद्युत् भार साठवण्याची क्षमता) ओळखते आणि त्यासाठी ‘बोट नसतानाची पातळी’ स्वतःच ठरवत राहते. चालू होताना बोट पॅडवर असेल तर तीच पातळी चुकीची धरली जाते. स्वस्त चार्जरचा विद्युत् गोंगाट (नॉइज) केबलवाटे आला की पातळी हलते, आणि चार्जिंगला लावल्यावर टच वेडावाकडा वागतो. हे बोटाला जाणवत नाही आणि उघडून दुरुस्तही होत नाही.

«फट नाही, म्हणून ओलीचा त्रास नाही»

आत ओल शिरत नाही, इतकंच बरोबर. टचला मात्र बाहेरची ओलही पुरते. पाण्याचा विद्युत् स्थिरांक (तो जितका जास्त, तितकी धारकता वाढते) ८० च्या आसपास, वेपिंगच्या द्रवातल्या ग्लिसरीनचा सुमारे ४२ आणि प्रोपिलीन ग्लायकॉलचा ३० च्या जवळ, हवेचा १. म्हणजे मुखाजवळून ओघळलेला द्रव पॅडवर पसरला की चिपला तो बोटासारखा वाटू शकतो. चांगल्या रचनेत पॅडभोवती गार्ड रिंग (संरक्षक कडं) असते आणि पसरलेला थर वेगळा ओळखला जातो. स्वस्त रचनेत ती नसते. यांत्रिक बटणात द्रव शिरला तर ते चिकट होतं, उशिरा वर येतं. तेही धोक्याचंच, पण अल्कोहोलने धुऊन सुकवलं की बऱ्याचदा सुटतं. या मुद्द्यावर टच वरचढ नाही.

«खिशात आपोआप पेटत नाही»

किल्ली अडकून बटण दाबलं जातं, तसं टचचं होत नाही, हे कबूल. पण पातळ, घामाने भिजलेल्या कापडातून मांडी पॅडला बोटासारखीच भासते. बटणाला निदान दीड-दोनशे ग्रॅम जोर लागतो. टचला जोर लागतच नाही. खिशातली सुरक्षितता लॉकवर अवलंबून असते. लागोपाठ पाच दाबांनी लागणारा लॉक ठीक, सरकणारी यांत्रिक पट्टी त्याहून बरी. नुसता टच आणि लॉक काहीच नाही, असं उपकरण घेऊ नये, हे आमचं ठाम मत आहे.

उलट बाजूचीही एक अफवा खोडायला हवी. टच बॅटरी पितो, असं म्हणतात. टीटीपी२२३ सारखी टच चिप ३ व्होल्टला स्वस्थ असताना दीड मायक्रोअँपिअरच्या आसपास घेते. १० मायक्रोअँपिअर धरले तरी महिन्याला ७.२ मिलिअँपिअर-तास. हे कारण सोडून द्या. या बचतीची किंमत वेगात मोजावी लागते. याच चिपचा प्रतिसाद जलद अवस्थेत सुमारे ६० मिलिसेकंद आणि बचतीच्या अवस्थेत सुमारे २२० मिलिसेकंद असतो. पहिला झुरका उशिरा सुरू होतो तो बहुधा यामुळे. टॅक्ट स्विचला संपर्काची थरथर शमायला ५ ते १० मिलिसेकंद पुरतात.

घेण्याआधी तपासायचं तर टँक किंवा पॉड (द्रव आणि कॉइल असलेला भाग) काढून ठेवा. बटण ओळखलं गेलं की बहुतेक उपकरणं ‘कॉइल नाही’ असं दाखवतात किंवा दिवा लुकलुकवतात, तेवढंच पाहायचं. ओल्या बोटाने लावून पाहा, पॅडवर पाण्याचा थेंब ठेवून पाहा, सुती कापडाच्या एका थरातून पाहा, आणि चार्जिंगला लावून पुन्हा पाहा. बोट नसताना एकदाही दिवा लागला तर ते उपकरण नको. यांत्रिक बटण कडेने, तिरकं दाबून सोडा. ते प्रत्येक वेळी पूर्ण वर आलं पाहिजे.

वापरातलं उपकरण हात न लावता पेटलं, तर पहिलं काम पॉड किंवा टँक ओढून काढणं, मग सेल निघत असेल तर तोही. कॉइल निघाली की तापणारा मार्ग तुटतो. त्यानंतर कारण शोधा. पेटलेलं असताना स्क्रीनवर वॅट आणि सेकंद दिसत होते, तर चुकीचा निरोप बटणाकडून किंवा पॅडकडून आला. साफसफाईने किंवा स्विच बदलून ते सुटू शकतं. उपकरण बंद दाखवत होतं आणि तरी कॉइल तापली, तर मॉस्फेट शॉर्ट झाला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यावर पुन्हा कॉइल चढवू नका.