जर्सी विकून रोनाल्डो फुकटात पडत नाही

ट्रान्सफरचा, म्हणजे क्लबांनी खेळाडू घेण्या-विकण्याचा, मोसम आला की सांगली-मिरजेतल्या फुटबॉलवेड्यांच्या मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: इटलीच्या युव्हेंटस क्लबने २०१८ मध्ये क्रिस्तियानो रोनाल्डोला १० कोटी युरोंना घेतलं आणि एका दिवसात ५ लाख २० हजार जर्सी विकून निम्मे पैसे काढले, उरलेले वर्षभरात निघाले. स्पेनच्या रेआल माद्रिदने फिगो या खेळाडूला घेताना हेच केलं होतं. आता इंग्लंडचा मँचेस्टर युनायटेड एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम बांधणार, म्हणजे त्यांना कुठलाही खेळाडू परवडेल. आणि शेवटी: सांगलीतही असं एक स्टेडियम बांधा, एखादा स्टार आणा, खर्च आपोआप निघेल.

हा मजकूर पुढे ढकलणारी पोरं खेळावर जीव टाकणारी आहेत. रात्री साडेबाराची मॅच संपवून सकाळी कॉलेज गाठतात. त्यांच्या हाती खरा हिशोब पडावा एवढ्यासाठी हे लिहितोय.

"एका दिवसात निम्मी किंमत वसूल"

मजकुरात या जर्सींची किंमत ६ कोटी डॉलर दिलेली असते. त्या वेळच्या भावाने ते ५ कोटी युरोंच्या वर जातात. युव्हेंटसचे शेअर बाजारात आहेत, त्यामुळे त्यांचे हिशोब दरवर्षी जाहीर होतात. रोनाल्डोच्या पहिल्या मोसमात, २०१८-१९ मध्ये, जर्सीसकट सगळ्या वस्तूंची विक्री आणि परवाने मिळून क्लबकडे आले सुमारे ४.४ कोटी युरो. आदल्या मोसमात हाच आकडा सुमारे २.८ कोटी होता. म्हणजे मजकूर एका दिवसाची म्हणून जी कमाई सांगतो, तेवढी क्लबला अख्ख्या वर्षात झाली नाही.

वाढ झाली ती साधारण १.६ कोटींची, आणि त्यातूनही माल तयार करण्याचा, दुकानं चालवण्याचा खर्च जायचा. इकडे रोनाल्डोच्या हातात पडणारा पगारच वर्षाला ३ कोटी युरोंच्या घरात होता. त्यावरचा आयकर धरला तर क्लबला तो कितीतरी महाग पडत होता.

मग गिऱ्हाईकाने मोजलेले पैसे जातात कुठे? इटलीत जर्सीवर २२ टक्के कर आहे. मग दुकानदाराचा वाटा, मग बनवणाऱ्या कंपनीचा. क्लबच्या पदरात जर्सीमागे साधारणपणे दहा-पंधरा टक्केच पडतात. शिवाय रोनाल्डोची जर्सी घेणाऱ्या अनेकांनी एरवी त्याच संघातल्या दिबालाची घेतलीच असती; ती विक्री नवीन धरता येत नाही. आणि आपल्याकडे बाजारात तीन-चारशेला मिळणारी फर्स्ट कॉपी घातली, तर तिच्यातला एक पैसाही युव्हेंटसच्या गावी, तुरिनला, पोचत नाही. सांगलीत दिसणाऱ्या बहुतेक जर्सी त्याच असतात, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तेच परवडतं.

"उरलेले पैसे वर्षभरात निघाले"

इथे क्लब हिशोब कसा मांडतात ते समजून घ्यायला हवं, कारण ट्रान्सफरच्या निम्म्या वादांचं मूळ तिथे आहे. तासगावचा बागायतदार द्राक्षाच्या मांडवाचा खर्च पहिल्याच वर्षाच्या मालावर टाकत नाही, बाग जितकी वर्षं चालेल तितक्या वर्षांवर वाटतो. क्लबही खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांवर वाटतात. रोनाल्डोचा करार चार वर्षांचा होता. १० कोटी आणि वरचे खर्च धरून ११.२ कोटी, म्हणजे दरवर्षी २.८ कोटी. तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तो मँचेस्टर युनायटेडला गेला तेव्हा कागदावर २.८ कोटी शिल्लक होते आणि युनायटेडने कबूल केले १.५ कोटी, काही अटींवर आणखी थोडे. या व्यवहारात १.४ कोटींचा फटका बसल्याचं युव्हेंटसनेच जाहीर केलं. २०२०-२१ च्या मोसमात क्लबचा एकूण तोटा सुमारे २१ कोटी युरोंचा होता. कोविडमुळे स्टँड रिकामे होते, तेव्हा सगळा दोष रोनाल्डोवर टाकणं चूक ठरेल. पण खेळाडू फुकटात पडला असता तर ताळेबंद असा दिसला नसता.

ही पद्धत माहीत असली की इंग्लंडच्या चेल्सी क्लबने एन्झो फर्नांडेझला साडेआठ वर्षांचा करार का दिला तेही उमगतं. वर्षं जास्त, म्हणजे दर वर्षाचा बोजा कमी. ही पळवाट दिसल्यावर २०२३ मध्ये युएफाने, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल महासंघाने, पाच वर्षांची मर्यादा घातली.

रोनाल्डोमुळे युव्हेंटसला काहीच मिळालं नाही असं मी म्हणणार नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आदिदासशी नवा करार झाला आणि वर्षाला ५.१ कोटी युरो ठरले, आधीच्या दुपटीहून जास्त. खरा पैसा इथे आहे: कंपनी क्लबला ठरलेली रक्कम देते. आणि ती कंपनी खेळही बघते. युनायटेडचा आदिदासशी २०१५ पासूनचा करार दहा वर्षांसाठी ७५ कोटी पौंडांचा होता, पण लागोपाठ दोन मोसम चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा हुकली तर त्या वर्षीच्या रकमेतून ३० टक्के कापायची अट होती.

"फिगोपासून माद्रिद हेच करतंय"

बार्सावाल्यांच्या, म्हणजे बार्सिलोनाच्या चाहत्यांच्या, जिव्हारी लागणारा मुद्दा. जुलै २००० मध्ये फ्लोरेंतिनो पेरेझ माद्रिदच्या अध्यक्षपदाची निवडणूक जिंकले ते बार्सिलोनाच्या फिगोला आणण्याचं वचन देऊन. सुमारे ६ कोटी युरो मोजून त्यांनी तो आणला. बार्सिलोनाच्या चाहत्यांचा राग दोन वर्षांनीही शमला नव्हता. २००२ मध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर कॉर्नर घ्यायला गेलेल्या फिगोच्या दिशेने डुकराचं मुंडकं भिरकावलं गेलं. आपल्याकडचे माद्रिदवाले आणि बार्सावाले आजही यावरून हमरीतुमरीवर येतात.

पण त्या काळात माद्रिदला सावरलं ते जमिनीने. शहरातली मोक्याची जागा असलेलं सरावाचं मैदान क्लबने २००१ मध्ये सुमारे ४८ कोटी युरोंना विकलं. त्या जागेच्या वापराचे नियम बदलले आणि आज तिथे पाच उत्तुंग मनोरे उभे आहेत. त्या पैशातून कर्ज फिटलं, आणि मग झिदान, ब्राझीलचा रोनाल्डो नाझारियो, बेकहॅम यांचे करार झेपले. जर्सीविक्रीचं कौतुक सांगताना हा व्यवहार कुणी सांगत नाही.

"स्टेडियम मोठं म्हणजे कुठलाही खेळाडू परवडेल"

आर्सेनलवाल्यांना विचारा. २००६ मध्ये ३९ कोटी पौंड खर्चून त्यांचं नवं स्टेडियम, एमिरेट्स, उभं राहिलं. जुन्या हायबरीत ३८ हजार बसायचे, इथे ६० हजार. तरी पुढची कित्येक वर्षं कर्जाचे हप्ते फेडण्यात गेली. आन्री गेला, फाब्रेगास गेला, आणि २०१२ मध्ये व्हान पर्सी थेट युनायटेडला गेला, ते दुःख अनेकांचं अजून ताजं आहे. २००५ नंतर पुढची ट्रॉफी मिळायला २०१४ उजाडलं. टॉटनहॅमचं नवं स्टेडियम २०१९ मध्ये उघडलं, खर्च १०० कोटी पौंडांच्या घरात. ते पूर्ण होत असताना, २०१८ च्या उन्हाळ्यात, त्यांनी एकही खेळाडू घेतला नाही. आज तिथे अमेरिकन फुटबॉल होतं, गाण्यांचे कार्यक्रम होतात, पैसा चांगला येतो. पण आधी झळ सोसावी लागली.

युनायटेडने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या स्टेडियमचा अंदाज २०० कोटी पौंडांचा आहे, आणि २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेताना डोक्यावर बसवलेलं कर्ज अजून उतरलेलं नाही. माझ्या युनायटेडवाल्या मित्रांनो, बांधकाम सुरू झालं तर पहिली काही वर्षं धीर धरावा लागेल.

"सांगलीत स्टेडियम बांधा, स्टार आणा"

या वाक्याने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. शेजारच्या कोल्हापूरकडे बघा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ मॅच असली की गर्दी लोटते. आपल्यातले कितीतरी जण गाडीला किक मारून तिथे जातात. ती गर्दी एखाद्या स्टारने जमवलेली नाही. पेठापेठांत तालमी आहेत, त्यांचे संघ पिढ्यानपिढ्या खेळताहेत, दरवर्षी लीग होते, आणि मैदानावरचं पोरगं कुणाच्या तरी गल्लीतलं असतं. बाहेरचे खेळाडूही तिथे येतात, पण तालमीचा संघ आधीपासून उभा असतो म्हणून येतात.

सांगलीची जमीन काळी. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, उन्हाळ्यात ढेकळं पायाला टोचतात. कृष्णा चढली की २०१९ सारखं पाणी शहरातच शिरतं. अशा मातीत आधी पाण्याचा निचरा होणारी, हिरवळ टिकणारी दोन-तीन मैदानं हवीत, चौदा वर्षांखालच्या मुला-मुलींची दर रविवारी चालणारी लीग हवी आणि शिट्टी वाजवायला शिकलेले रेफरी हवेत. नगरसेवकाकडे निवेदन घेऊन जायचं असेल तर त्यात हे लिहूया. सही करायला मी सगळ्यात आधी येईन.