कोकणकड्याला सकाळी नको, दुपारी जा

फोटोग्राफीवरच्या एका लेखात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचे फोटो काढायला सूर्योदयाची वेळ आणि एफ २२ (म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक) सुचवलंय. दोन्ही पटलं नाही. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, सकाळभर त्याची भिंत सावलीतच असते. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे कलून सहाच्या सुमारास मावळतो. त्यामुळे चारलाच ट्रायपॉड लावून बसावं. तिरपं ऊन कातळाचे थर उठवतं ते तेव्हाच. सूर्य टेकेपर्यंत थांबलात तर खालच्या धुरक्यात ऊन आधीच मरतं.

एफ २२ वर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) कातळाचा पोत मऊ पडतो. एफ ८ ते ११ पुरे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), मॅन्युअल मोड. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ५२०० केल्व्हिनच्या आसपास बांधून टाका. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा केशरी रंग परस्पर धुऊन टाकतो आणि पॅनोरमाच्या (फोटो जोडून केलेल्या रुंद चित्राच्या) फ्रेम एकमेकींना जुळत नाहीत. शेवटच्या वीस मिनिटांत उजेड भराभर उतरतो, तेव्हा दर दोन-तीन फ्रेमनंतर हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघा. आकाश आणि दरी दोन्हींचा उजेड एका फ्रेममध्ये मावत नसेल तर −२, ०, +२ असं ब्रॅकेटिंग करा (कमी, नेमक्या आणि जास्त उजेडाचे तीन फोटो घ्या).

पोलरायझर (आकाश गडद करणारा फिल्टर) सूर्याच्या काटकोनातच नीट चालतो. सोळा मिमीच्या रुंद कोनाच्या लेन्सवर लावला की आकाशात निळा डाग उमटतो (असे फोटो ढिगाने दिसतात!). शिवाय कड्यावर वारा खालून वर येतो. म्हणून ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. वजनासाठी ट्रायपॉडला सॅक लटकवायची तर जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर ती झुलते आणि फोटो हलतो.