खुलासा : कोंबडीच्या जखमेवर रॉकेल लावू नका

"जखमेवर रॉकेल लावा आणि कोंबडी लगेच खुराड्यात सोडा, सोबतीने लवकर बरी होते," असा मेसेज फिरतोय. दोन्ही सल्ले घातक आहेत. रॉकेलने कातडी पोळते. पिसं साफ करताना ते पोटातही जातं. आणि सोबतीचं म्हणाल, तर लाल रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या नेमक्या तिथेच टोचे मारतात. मुंगसाच्या तावडीतून सुटलेली कोंबडी अशी आपल्याच कळपात जीव गमावते. तिला सावलीत, वेगळ्या डालग्याखाली ठेवा. 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घालून जखम धुवा, मग पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. पिसं बाजूला सारून रोज बघा, कारण माश्या बसल्या की अळ्या पडायला वेळ लागत नाही. जखम खोल असेल तर घरी प्रयोग नकोत, सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.