नाकाचा साबण, गालाचा साबण

दाढीच्या साबणाला दोन परीक्षक असतात, नाक आणि गाल. या दोघांचं कशावरही एकमत होत नाही. नाक डबीचं झाकण उघडल्या उघडल्या निकाल देऊन मोकळं होतं. गालाचा निकाल लागायला दाढी पुरी व्हावी लागते, कधीकधी दुपारही उलटावी लागते. दोघांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम रोज सकाळी माझ्याकडे येतं, तेही चष्मा काढून ठेवलेला असताना.

ज्यांना हा ताप नाही ते सुखी लोक डबा दाबून फेस काढतात. 1949 साली अमेरिकेत दाबाच्या डब्यातला फेस विकायला आला आणि तेव्हापासून माणसाला साबणाशी झटापट करण्याची गरज उरली नाही. आमचे चिरंजीव त्याच पंथाचे. बोट दाबायचं, गालावर ढीग घ्यायचा, रेझरने ओढायचा आणि चालू पडायचं. "बाबा, तुमची दाढी म्हणजे प्रोजेक्ट आहे," असं तो म्हणतो. खरंच आहे. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर आधी भिजत घालावा लागतो, नाहीतर तो नरम पडत नाही. वडीवर थोडं गरम पाणी ओतून ती जरा मऊ होऊ द्यायची. तोवर स्वतःचा चेहराही भिजवायचा, कारण कोरडा केस पात्याला दाद देत नाही, दोन-तीन मिनिटं पाणी प्यायला की मऊ पडतो. एवढं सगळं झाल्यावर साबणाला हात लागतो. त्याआधीच बाहेरून दारावर थाप पडते.

आधी नाकाचं ऐकू, कारण ते गप्प बसत नाही.

वासांच्या घराण्यांत सगळ्यात खानदानी घराणं 'फूजेर'. त्यात लॅव्हेंडर, ओकच्या खोडावर वाढणारं दगडफुलाच्या जातकुळीतलं ओकमॉस, आणि वाळल्या गवतासारखा गोडसर वास देणारं कुमारिन. हे कुमारिन इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने 1868 साली प्रयोगशाळेत बनवलं. पुढे 1882 साली उबिगां या फ्रेंच अत्तरवाल्यांनी ते वापरून 'फूजेर रोयाल' काढलं आणि पुरुषाच्या गालाला कुठला वास यावा हे जवळपास कायमचं ठरून गेलं. गंमत अशी की फूजेर म्हणजे फ्रेंचमध्ये नेचा, आणि हा म्हणे नेच्याच्या रानाचा वास. नेच्याला स्वतःचा नाव घेण्याजोगा वास नसतो. म्हणजे एका वनस्पतीला जो वास नाहीच, तो आम्ही पुरुष जवळजवळ दीडशे वर्षं गालाला फासतो आहोत, आणि तरी घरातले व्यवहारी निर्णय आमच्याकडे असावेत असा आमचा आग्रह असतो. त्यात 2017 साली युरोपीय संघाने ओकमॉसमधल्या अ‍ॅलर्जी आणणाऱ्या दोन घटकांवर बंदी घातली. तेव्हापासून जुने जाणकार कुठलीही नवी वडी हुंगून "पूर्वीची सर नाही" असं म्हणायला मोकळे झाले. ते बंदीच्या आधीही हेच म्हणत असणार, आता त्यांना कायद्याचा आधार मिळाला.

मग बदामवाले. मिलानची 'सेला' 1899 पासूनची. तिचा वास कडू बदामाचा, म्हणजे मुख्यतः बेंझाल्डिहाइड या रसायनाच्या वळणाचा. इथे माझं नाक फार प्रश्न विचारत नाही. जर्मनांचा 'टबॅक' 1959 चा, फुलं आणि पावडर असा भरगच्च वास. ही वडी बंद कपाटातूनही हजेरी लावते. फ्लॉरेन्सच्या 'प्रोरासो'च्या हिरव्या डबीत निलगिरी आणि मेन्थॉल. मेन्थॉलबद्दल एक सांगतो: त्याने गाल थंड होत नाही. गालाचं तापमान होतं तिथेच राहतं. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना मेन्थॉल परस्पर खोटी वर्दी देतं, एवढंच. पण वर्दी इतकी खात्रीची असते की मेन्थॉलचं बोट चुकून डोळ्याजवळ गेलं तर पुढची काही मिनिटं माणूस आरशासमोर उभा राहून कोणताही दुःखद प्रसंग नसताना रडतो.

वासाची खरी फसवणूक वेगळीच आहे. एका साबणाला तीन वास असतात: डबीतला, फेसातला आणि दाढी झाल्यावर उरलेला. विकत घेताना आपण पहिला हुंगतो. गरम पाणी लागलं की लिंबू-संत्र्याची हलकी मंडळी वाफेबरोबर निघून जातात. चंदन, कस्तुरी असली जड मंडळी मागे बसून राहतात. म्हणजे ज्याच्यावर भाळून डबी घेतली तो ब्रश फिरेपर्यंत गायब, आणि ज्याच्याशी बोलणंही झालं नव्हतं तो दिवसभर मानेवर. शिवाय साबण पडला अल्कधर्मी, त्यात सगळेच सुगंध टिकत नाहीत. वॅनिला घातलेली पांढरीशुभ्र वडी काही दिवसांत तपकिरी पडते, आणि घरातल्यांना वाटतं मी ती नीट वापरत नाही.

बरं, तो तिसरा वास मला येतच नाही. नाक एका वासाला काही मिनिटांत सरावतं आणि त्याची नोंद घेणं सोडून देतं. गालावरून दुसऱ्यांदा पातं फिरवत असतो तेव्हा मला वाटतं, साबणाचा वास उडाला. त्याच क्षणी बैठकीतून बायकोचा आवाज येतो, "अहो, आज कुठला उघडलाय? इथपर्यंत येतोय!" थोडक्यात, वासासाठी मी जीव टाकतो आणि तो मिळतो इतरांना.

आता गाल. गाल अडाणी आहे. त्याला फ्रेंच येत नाही, 1882 चं काही वाटत नाही. त्याला एकच ठाऊक: पातं सरकलं की अडलं.

ते सरकावं म्हणून साबणात मुख्यतः स्टिअरिक आम्ल हवं, त्यानेच फेस दाट आणि टिकाऊ होतो. ते पोटॅशने साबणात बदललं की साबण मऊ होतो, पाण्यात पटकन विरघळतो. कॉस्टिक सोड्याने बदललं की कडक होतो. दाढीच्या वडीत दोन्हींचा मेळ घालतात. अंघोळीच्या साबणात बहुधा सोडाच असतो, म्हणून त्याचा फेस गालावर चढतो आणि आरशात बघेपर्यंत उतरतो. नारळाच्या तेलाने भराभर मोठे बुडबुडे येतात. बघणाऱ्याला वाटतं काय फेस आहे! मोठा बुडबुडा म्हणजे आत हवा, आणि हवेवरून पातं घसरत नाही, थेट कातडीवर उतरतं. चांगला फेस दिसायला अगदी साधा असतो, दह्यासारखा, बारीक आणि चकचकीत. फोटोत तो गरीब दिसतो. म्हणूनच फोटो पाहून साबण घेणाऱ्या माणसाकडे तुरटीही असावी लागते.

तुरटी ही या सगळ्या खटल्यातली एकमेव निःस्पृह साक्षीदार. दाढी झाल्यावर ओल्या गालावरून फिरवायची. जिथे पात्याने कातडी खरवडली असेल तिथे ती झोंबून सांगते. साबणाचं नाव, साल, सुगंध, काही विचारात घेत नाही.

साबणांची तुलना शास्त्रशुद्ध व्हावी म्हणून मी अर्धा चेहरा एकाला आणि अर्धा दुसऱ्याला देतो. पातं तेच, पाणी तेच, वेळ तीच. ऐकायला निर्दोष वाटतं. पण मी उजव्या हाताचा. उजवा गाल मला सोपा पडतो आणि डाव्या जबड्याखाली हात वाकडा करावा लागतो, म्हणून डावीकडचा साबण बिचारा विनाकारण नापास होतो. बाजू बदलल्या तर केसांची दिशा दोन्हीकडे वेगळी निघते. मानेवर तर ते गोल फिरतात, तिथे केसांच्या दिशेने जाणारा सुलटा हात कुठला आणि उलटा कुठला हे ठरवता ठरवता चकवा लागतो. या प्रयोगाला दारावरच्या घंटेचं विशेष प्रेम आहे. एका गालावर पांढरा जाड थर, दुसऱ्यावर हिरवट पातळ, अशा अवस्थेत मी दार उघडतो. समोरचा माणूस सहीचा कागद पुढे करतो आणि माझ्याकडे न बघण्याचा सौजन्यपूर्ण प्रयत्न करतो.

तरीही सगळ्यात मोठा घोळ साबण घालत नाही, पाणी घालतं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. ते साबणाला धरून न विरघळणारा चिकट साका करतं, जो बेसिनच्या कडेला राखाडी रेघ काढून बसतो. तेवढा साबण फेसातून वजा. लोकरीच्या मेणाचा, म्हणजे लॅनोलिनचा 'मिचेल्स वूल फॅट' कुणाच्या वाटीत मलमली फेस देतो आणि कुणाला "फेसच धरत नाही" असं म्हणायला लावतो. अशा भांडणांत बऱ्याचदा दोघांचे साबण एकच असतात, नळ वेगळे असतात. हे समजल्यावर मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर वाटीत घेतलं. फेस अफाट आला. बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही, पण त्या दिवशी गाडीची किल्ली तिने स्वतःकडे ठेवली.

तर निकाल काय? निकाल असा की नाक आणि गाल एका वडीवर कधी खूश होत नाहीत. तुर्कस्तानची 'अर्को' ही कांडी घ्या. ओल्या खुंटांवर सरळ घासायची, खुंट स्वतःच साबण किसून घेतात. तिच्या लिंबाच्या वळणाच्या वासावरून दाढीप्रेमींत उघड दोन तट आहेत. फेसाबद्दल मात्र वास न सोसणारेही वाईट बोलत नाहीत. उलट बाजूचा नमुनाही माझ्याकडे आहे, एक चंदनी वडी. नाव सांगत नाही. डबी उघडली की क्रोध, लोभ, कार्यालय, सगळं विसरायला होतं. आणि फेस? डाव्या कानाजवळ लावून उजव्या कानापाशी पोचेपर्यंत डावीकडचा कोरडा झालेला असतो. त्यानंतर गालावरून पातं जातं तेव्हा येणारा आवाज माणसाने स्वतःच्या चेहऱ्यातून ऐकू नये असा असतो.

याच्या शेजारी एक बिनवासाची डबी आहे, पांढऱ्या झाकणाची, औषधाच्या दुकानातून चुकून आल्यासारखी दिसणारी. गाल तिच्यावर जीव टाकतो. उलटा हात, सुलटा हात, मानेचा भोवरा, कुठेही अडत नाही. फेस पुसला गेल्यावरही कातडी निसरडी राहते आणि तुरटी चक्क गप्प बसते. पण नाकाचा संताप बघवत नाही. हिला हुंगायचं काय? ते सकाळभर रुसून बसतं.

दोन्ही मिसळून बघितलं. खाली बिनवासाचा थर, वर चंदनी. खालचा फेस वरच्याला सांभाळून घेईल अशी कल्पना होती. झालं उलटंच, वरच्याने खालच्यालाही कोरडं पाडलं. गाल म्हणाला, मला आधीची डबी द्या. नाक म्हणालं, चंदन पातळ लागतंय.

शेवटी कपाटाचा हिशोब निघाला. एका दाढीला साबण लागतो साधारण ग्रॅमभर. सेला ही न्हाव्यांसाठी एक किलोच्या विटेतही येते, आणि अशी एक वीट माझ्याकडे आहे. म्हणजे हजारेक दाढ्या, जवळपास पावणेतीन वर्षं, तीही रोज तिनेच केली तर. त्यावर बाकीच्या वड्या, कांड्या, डब्या. बायकोने कागदावर बेरीज मांडली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "एवढं जगायचं ठरवलंय तर आनंदच आहे," ती म्हणाली, "पण मग तब्येतीकडेही थोडं बघा. आणि टॉवेल ठेवायला मला जागा द्या."

मग तिनेच तोडगा काढला. चंदनी वडी उचलली, सुरीने तुकडे केले, सुती कापडात बांधले आणि कपड्यांच्या कपाटात टाकले. मी "अगं, अगं" करेपर्यंत काम झालं होतं. आता दाढी बिनवासाच्या डबीने होते आणि मग कपाट उघडून सदरा काढताना नाकाला हवं ते मिळतं, तेही फुकटात आणि गाल न सोलता. दोघंही तूर्त शांत आहेत. हा माझ्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा विजय आहे असं मी सांगून पाहिलं.

तिचं लक्ष नव्हतं. ती बदामाच्या विटेकडे बघत होती. चादरींच्या कप्प्याला, तिच्या मते, अर्धा किलो पुरेल.