बदकांच्या मुलखात शाकाहारी आई

फ्रान्सच्या खेड्यात भूक लागायला काही हरकत नाही, फक्त ती दुपारी बारा ते दोनमध्ये लागली पाहिजे. दोन वाजून पाच मिनिटांनी लागलेल्या भुकेची तिथे कुणी दखल घेत नाही. ती घेऊन तुम्ही संध्याकाळी साडेसातपर्यंत नदीकाठी बसावं आणि निसर्ग बघावा. निसर्ग उत्तम असतो, त्याबद्दल तक्रार नाही.

माझा भाचा तुलूजला नोकरी करतो. त्याने आम्हाला हे सगळं गाडीतच बजावलं होतं. मी, बायको आणि माझी आई असा लवाजमा घेऊन तो दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यात फिरवत होता. सकाळी लास्कोची गुहा झाली. म्हणजे गुहेची हुबेहूब प्रतिकृती; पर्यटकांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली म्हणून मूळ गुहा १९६३ पासून बंदच आहे. हजारो वर्षांपूर्वीचे ते बैल, ते घोडे, ती हरणं पाहून आम्ही भारावून बाहेर आलो. आई तेवढी विचारात पडली होती. म्हणाली, "एवढं सगळं काढलंय, पण भाजीपाला कुठे दिसला नाही."

त्या प्रदेशाचं इतकं नेमकं परीक्षण मी प्रवासवर्णनांतही वाचलेलं नाही.

रविवार होता, आणि रविवारचं दुपारचं जेवण हा तिकडे कौटुंबिक समारंभ असतो. भाच्याने फोन करून टेबल राखून ठेवलं होतं म्हणून निभावलं. सार्लाजवळचं एवढंसं गाव, चर्चच्या बाजूला दगडी घर, त्यात हे हॉटेल. आत जाताच भाचा कुजबुजला, "मामा, आधी बोंजूर. काहीही बोलायच्या आधी बोंजूर." आम्ही चौघांनी बालवाडीच्या सुरात बोंजूर केलं. मालकीणबाईंनी केलं. शेजारच्या टेबलावरच्या तीन पिढ्यांनी केलं. त्यांच्या खुर्चीखालच्या कुत्र्याने फक्त एक डोळा उघडला.

मेनूकार्ड नव्हतं. दगडी पाटीवर खडूने लिहिलेला मेनू बाईंनी उचलून आणला आणि आमच्यासमोर एका खुर्चीवर टेकवून ठेवला. पाचवा पाहुणाच तो. भाचा वाचत गेला. बदकाची तंगडी, मिठात मुरवून बदकाच्याच चरबीत हळूहळू शिजवलेली. बदकाच्या छातीचे काप. बदकाच्या यकृताचा तो जगप्रसिद्ध प्रकार. बायको आशेने म्हणाली, "सॅलड आहे ना?" होतं. पेरिगोरचं, म्हणजे त्याच भागाचं, खास सॅलड. त्यात हिरवी पानं, अक्रोड, बदकाची पोटी आणि वर बदकाचे धुरावलेले काप. सगळ्या पाटीवर सर्वात मांसाहारी पदार्थ सॅलडच निघाला.

"बटाटे?" मी विचारलं. बटाटे सार्लाचीच खासियत. लसूण आणि पार्स्ली घालून खरपूस परततात. कशात परततात हे सांगताना भाच्याने खिडकीबाहेर बघितलं.

आईचा शाकाहार तसा समजूतदार आहे. अंडं केकमध्ये असेल तर तिला दिसत नाही. पण बदक केकमध्ये कसं लपवणार? भाच्याने धीर करून बाईंना सांगितलं की आजी मांस खात नाही. बाई रागावल्या नाहीत, वाटाघाटीला उभ्या राहिल्या. मग मासा? नाही. थोडंसं हॅम? नाही. शेवटी त्यांनी हुकमाचं पान टाकलं. आमची बदकं मक्यावर वाढलेली आहेत, म्हणाल्या. मक्याशिवाय त्यांच्या पोटात काही गेलेलं नाही. म्हणजे बदक शाकाहारी असताना आजींना अडचण काय, हा मुद्दा होता. आईला भाषांतर करून सांगितल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मुद्दा बिनतोड होता हे तिला मान्य करावं लागलं. खाणार नाही, एवढंच.

बाई आत गेल्या. स्वयंपाकघरात त्यांचा नवरा असावा. आम्हाला खिडकीतून ताटल्या सरकवणारे दोन हातच तेवढे दिसत. आतून बराच वेळ चर्चा ऐकू येत राहिली. इकडे बायकोने आईच्या पर्सवर हात ठेवला होता, कारण पर्समध्ये दाण्याची चटणी होती आणि चटणीचा डबा त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर उघडला जाऊ नये असा तिचा निश्चय होता. पाव आला. त्याला ताटली नसते, तो सरळ कापडावर ठेवायचा. सोबत लोणी नाही. पाण्याचा जग मागितला की फुकट मिळतो, तो मागितला. आईला कोमट पाणी हवं होतं. ते मात्र, बाई म्हणाल्या, जेवणाच्या शेवटी, काढ्याबरोबर.

घाई करायची सोयच नव्हती. फ्रेंचांच्या साग्रसंगीत जेवणाला युनेस्कोने २०१० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलंय. वारशाला "जरा लवकर आणा" कसं म्हणायचं?

एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या आजोबांचं सूप संपत आलं. त्यांनी तळाशी उरलेल्या सुपात रेड वाइन ओतली, वाडगा गोल फिरवला, दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि शेवटचा थेंब खळखळून प्यायले. शाब्रो म्हणतात त्याला, त्या भागातली जुनी शेतकरी रीत. आई बघतच राहिली. आयुष्यभर ती उरलेली आमटी वाटीला तोंड लावून अशीच पीत आली आहे, आणि या सबंध प्रवासात बायकोने तिला "आई, इथे भुरके नका मारू" असं प्रत्येक जेवणाला सांगितलं होतं. आई काही बोलली नाही. तिने नुसतं सुनेकडे पाहिलं. सुनेने पाटीकडे पाहिलं.

आईचं ताट आलं तेव्हा आम्ही तिघेही आपापलं बदक विसरलो. उकडलेले बटाटे, टोमॅटो, कोवळ्या घेवड्याच्या शेंगा, आणि वरून अक्रोडाचं तेल. अक्रोड हे तिथलं दुसरं दैवत. आईच्या नशिबाने ते झाडाला लागतं. बाई स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. आईने घास घेतला, मान डोलावली आणि मराठीत म्हणाली, "मीठ बरोबर आहे हो." बाईंना ते कळलं. पुढे त्या दोघी भाच्याला न विचारताच बोलत होत्या.

मग चीज. ते गोडाच्या आधी येतं. रोकामादूरच्या बकरीच्या दुधाची ३५ ग्रॅमची चिमुकली चकती. आईने दोन खाल्ल्या. पारंपरिक चीजसाठी दूध कशाने फाडतात, हा विषय भाचा काढणार तोच बायकोने टेबलाखालून त्याला लाथ मारली. कुत्रा उठून दुसरीकडे गेला.

बिल आलं नाही. ते कधीच आपण होऊन येत नाही, मागेपर्यंत टेबल तुमचं. साडेतीनला मागितलं. सेवेचे पैसे त्यातच धरलेले असतात, तरी आईने वर काही नाणी ठेवायला लावली. दारापर्यंत बाई सोडायला आल्या. आजींसाठी उद्या अक्रोडाच्या तेलातच काहीतरी वेगळं करता येईल, म्हणाल्या, आणि मग कपाळावर हात मारून घेतला. उद्या सोमवार. सोमवारी त्यांचं बंद. गावातली बेकरीपण बंद. पुढच्या गावातलं हॉटेलसुद्धा बंदच असतं.

आम्ही तिघे एकमेकांकडे बघायला लागलो.

"माझा काय, सोमवारचा उपास असतो," आई गाडीत बसत म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."