संस्थापकाची खुर्ची: ‘एक पुणेकर’ यांना उत्तर

‘एक पुणेकर’ यांस, सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2021 मध्ये इंटरनेटवरच्या हक्कांसाठी लढणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या ना-नफा संस्थेने, म्हणजे ईएफएफने, आपले संस्थापक जॉन गिलमोर यांना मतदान करून संचालक मंडळातून काढले. त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलेच तापलात. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: भाडेकरूंनी एकी करून घरमालकालाच वाड्याबाहेर काढले; आपल्याकडे संस्थापकाची अशी गत कोणी केली नसती; आणि मी पगारी वकिलासारखी मंडळाची बाजू घेतली. पगाराचे तेवढे सोडा. तो मिळत असता तर इथे लेख वेळेवर आले असते.

वाड्याचा दाखला पुण्यात कुणालाही चटकन पटेल. अडचण एवढीच की गिलमोर घरमालक नव्हते. अशा ना-नफा संस्थेला भागधारक नसतात आणि मालकही नसतो. मिच केपोर, जॉन पेरी बार्लो आणि गिलमोर यांनी 1990 मध्ये ती उभी केली. सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे पाचवे कर्मचारी असलेल्या गिलमोरांनी तिच्यात पैसा, वेळ आणि नाव, तिन्ही ओतले. पण दिलेले ते दिले. त्याचा सातबारा होत नाही. आपल्याकडच्या सार्वजनिक न्यासांतही वेगळे काही नाही. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट जातो. गेलेला माणूस संस्थापक होता की गेल्या वर्षी आलेला, यासाठी त्या अर्जात वेगळा रकाना नसतो.

गिलमोरांचे काम मी कमी लेखले, हा आरोप मात्र मला लागला. 1998 मध्ये अमेरिकी सरकार 56 बिटांच्या किल्लीचे डीईएस हे कूटलेखन सुरक्षित असल्याचे सांगत होते, तेव्हा ईएफएफने अडीच लाख डॉलरच्या आत एक यंत्र बांधले आणि 56 तासांत किल्ली शोधून ते फोडून दाखवले. तो प्रकल्प गिलमोरांनी चालवला होता. विमानतळावर ओळखपत्र का दाखवायचे, असे विचारत ते न्यायालयात गेले आणि 2006 मध्ये अपिलातही हरले. तडजोड त्यांच्या स्वभावातच नाही. असा माणूस चळवळीला हवाच असतो. पण दर महिन्याच्या अंदाजपत्रकावर आणि नेमणुकांवर त्याच्याबरोबर बसणे हे निराळे काम आहे, आणि तिथे काय होते ते बाहेरून भक्ती करणाऱ्याला दिसत नाही.

आता ‘आपल्याकडे’. तुमची ही प्रतिक्रिया डेक्कन जिमखान्यावरून आली असेल, तर फर्ग्युसन कॉलेज हाकेच्या अंतरावर आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी 1884 ची, कॉलेज 1885 चे, आणि संस्थापकांतले टिळक 1890 मध्ये बाहेर! आजीव सभासदांनी बाहेरची कामे आणि कमाई करावी की नाही, यावर वर्षानुवर्षे धुसफूस चालली होती. टिळक अल्पमतात गेले. आगरकर त्याआधीच ‘केसरी’ सोडून 1888 मध्ये ‘सुधारक’ काढून बसले होते. तेव्हा संस्थापकांची भांडणे अमेरिकेतून आयात झाली, असे निदान पुणेकराने तरी म्हणू नये.

फरक आहे, तोही सांगतो. टिळकांना कोणी मतदान करून काढले नाही, त्यांनी राजीनामा दिला. आणि दिला तो दोन ओळींचा नव्हे: आपले कुठे पटत नाही, संस्था मूळ तत्त्वापासून कुठे ढळली, याची सविस्तर कैफियत त्यांनी लिहून ठेवली. म्हणून आजही टिळक बरोबर की आगरकर-गोखले, यावर आपण तावातावाने भांडू शकतो. भांडायला कागद आहे.

ईएफएफच्या मंडळावर माझा राग आहे तो इथे. त्यांच्या निवेदनात गिलमोरांचे भरपूर कौतुक होते. मग, संवाद कसा करावा आणि एकत्र काम कसे करावे यावर आमचे जुळत नव्हते, त्यांना कारभारात ठेवून पुढे जाण्याचा मार्ग निघेना, एवढेच. मंडळातली जागा गेली आणि ‘इमेरिटस’ ही नुसती मानाची उपाधी मिळाली. वाद नेमका कशावरून? काही नाही. विशेष म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपले संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांना मंडळावर परत घेतले, तेव्हा इतर आक्षेपांबरोबर ती निवड गुपचूप केल्याबद्दलही याच ईएफएफने जाहीर निवेदनात नापसंती नोंदवली होती. सात महिन्यांत स्वतःवर वेळ आली आणि हात आखडला. माणसांच्या खासगी गोष्टी चव्हाट्यावर आणू नयेत, हे मला कळते. पण धोरणाचा वाद होता की स्वभावाचा, एवढे एक वाक्य देणगीदारांना देता आले असते.

म्हणून मी मंडळाचा वकील नाही आणि तुमच्या ‘कटा’चा साक्षीदारही नाही. काढण्याचा अधिकार मंडळाला होता आणि तो वापरला यात मला अन्याय दिसत नाही. कारण न सांगणे मला खटकते. तुम्ही या दोन्हींची मोट बांधून एकच गुन्हा केलात.

राहता राहिले, ‘सॅन फ्रान्सिस्कोच्या भांडणाचे पुण्यात काय?’ हे. तुम्ही ही प्रतिक्रिया लिहिलीत तेव्हा पत्त्याच्या पट्टीत जे कुलूप दिसले, त्यामागचे, जोडणी सुरक्षित करणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या प्रकल्पाचे आहे, फुकट. तो प्रकल्प उभा करणाऱ्यांत ईएफएफ होती, आणि ते प्रमाणपत्र आपोआप नवे करून घेणारे सर्टबॉट हे सॉफ्टवेअरही तीच सांभाळते. त्या मंडळावर कोण बसते याच्याशी माझा एवढा तरी संबंध आहे.

देणगी बंद करणार म्हणता, तर जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. फक्त बंद करताना कारण कळवा आणि वादाचा मुद्दा काय होता ते लेखी विचारा. उत्तर आले तर मला पाठवा. माझ्या विरोधात असले तरी जसेच्या तसे छापतो.