एफएमला इतक्यात निरोप नको

इंटरनेट रेडिओमुळे एफएम आणि डॅब (मनोऱ्यावरून होणारं डिजिटल रेडिओ प्रक्षेपण) दोन्ही कालबाह्य झाले, हे एका लेखातलं विधान घाईचं वाटतं. इंटरनेटवर स्टेशनं कितीतरी जास्त, याबद्दल वादच नाही. पण प्रक्षेपणात मनोरा एकच. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, खर्च तेवढाच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्याला वेगळा स्ट्रीम पाठवावा लागतो, श्रोते वाढले की सर्व्हरचं बिलही वाढतं. शिवाय १२८ केबीपीएसने (सेकंदाला १२८ किलोबिट) तासाला साधारण ५८ एमबी डेटा जातो, तो आपल्या खिशातून! आणि वादळात मोबाइल टॉवर बंद पडले की सेलवरचा ट्रान्झिस्टरच कामाला येतो.

डॅबचं कौतुकही जरा जपूनच करावं. सिग्नल क्षीण झाला तर एफएम खरखरतं, पण बातमी कळते. डॅब थोडा वेळ अडखळतं आणि मग ठार गप्प. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून हलवल्या हे सगळे सांगतात. बरीच स्थानिक स्टेशनं एफएमवरच राहिली, हे कुणी सांगत नाही.

बाकी इंटरनेटवर आवाज जरा उशिरा पोहोचतो, म्हणून थेट सामन्याचं समालोचन तिथे ऐकणाऱ्यांनी शेजाऱ्याचा रेडिओ आधी बंद करायला लावावा, नाहीतर विकेट पडल्याचं त्याच्या ओरडण्यावरूनच कळेल.